केनियाचं पंतप्रधानपद आणि बलभीमचा भंडारा

आमच्या गावात केनियाचा पंतप्रधान ठाऊक नाही असा माणूस सापडायचा नाही. दिल्लीच्या मंत्र्यांची नावं विचारली तर दोन-तीन नावांवर गाडी अडते. पण केनियात पंतप्रधानाचं पद कधी निघालं, कधी मोडलं, पुन्हा कशासाठी काढलं आणि कधी संपलं, हे आमच्याकडं शेळ्यांमागं फिरणारं म्हातारं माणूससुद्धा सांगेल. साल थोडं इकडंतिकडं होईल, एवढंच. ही विद्या गावाला बलभीम बंडगरनं दिली. त्यापायी गावानं त्याचं नाव 'पंतप्रधान' ठेवलं, आणि हळूहळू तो त्या नावाला ओ द्यायलाही लागला.

अणदूर आणि नळदुर्ग यांच्या मधे हमरस्त्याला एक फाटा फुटतो. तिथून दोन किलोमीटर आत गाव, आणि गावाच्या ओढ्यापलीकडं धनगरांची वस्ती. बलभीम त्या वस्तीवरचा. बापाची मेंढरं थोरल्या भावाकडं गेली. हा दहावीला इंग्रजीत अडकला आणि नळदुर्गच्या एका बोअरच्या गाडीवर कामाला लागला. आधी पाइप उचलले, मग जोडले, मग यंत्राच्या दांड्याशी उभा राहायला लागला. एका हातात दांडा धरून, मान जराशी कलती करून तो जमिनीचा आवाज ऐकायचा. खडक बदलला की आवाज बदलतो, आणि पाणी जवळ आलं की आणखी निराळा होतो. हे त्याला कुणी शिकवलं नाही. कळपातलं कोणतं मेंढरू लंगडतंय हे पाठमोरा बसून सांगणाऱ्या बापाचा तो मुलगा होता.

२००६ साली सोलापूरच्या एका ठेकेदारानं त्याला केनियाला नेलं. तेव्हा लग्नाला आठ वर्षं झाली होती, पदरात दोन लेकरं होती. बायको दैवशाला त्याला पोचवायला फाट्यापर्यंत आली नाही. घरी म्हैस विणार होती. बलभीम जाताना म्हणाला की दोन वर्षांत येतो. त्याला साडेसहा वर्षं लागली.

नाकुरू नावाच्या शहरात त्याच्या कंपनीचं आवार होतं. तिथं जोसेफ नावाचा पहारेकरी होता, साठीकडं झुकलेला. दोघांची भाषा म्हणजे थोडी हिंदी, थोडी तिथली स्वाहिली आणि बाकीचं हातवारे. दुपारी गाडी उभी असली की दोघं टायरच्या सावलीत बसायचे. जोसेफ आपल्या देशाच्या गोष्टी सांगायचा, बलभीम आपल्या देवाच्या.

डिसेंबर २००७ च्या शेवटी तिथं निवडणूक झाली. निकाल लागला, तो अर्ध्या देशाला पटला नाही. मग जे सुरू झालं ते बलभीम फार थोडक्यात सांगतो. धूर दिसायचा, म्हणतो. आवाराचं फाटक पंधरा दिवस उघडलं नाही. अकराशेहून जास्त माणसं मेली, लाखो माणसं घरदार टाकून मैदानांत आणि चर्चच्या पटांगणांत जाऊन राहिली. जोसेफही आवारातच अडकला. त्याचं घर तिथून पाच किलोमीटरवर होतं, पण मधल्या वस्त्या त्याच्या जमातीच्या नव्हत्या. जोसेफ कोणत्या जमातीचा, हे बलभीम कधी सांगत नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणतो, म्या इचारलं न्हाय, त्यानंबी माझी जात इचारली न्हाय.

त्या पंधरा दिवसांत जोसेफनं त्याला पंतप्रधानाची गोष्ट सांगितली. १९६३ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा जोसेफ शाळेत होता आणि हातात कागदी झेंडा घेऊन रांगेत उभा होता. तेव्हा त्यांच्या देशाला पंतप्रधान होता. वर्षभरानं, त्याच तारखेला, देश प्रजासत्ताक झाला. पंतप्रधान राष्ट्राध्यक्ष होऊन बसला आणि पंतप्रधानाचं पद मोडीत निघालं. एका माणसानं दोन खुर्च्यांची एक खुर्ची केली, असं जोसेफ म्हणायचा. त्यानंतर सगळी सत्ता त्या एकाच खुर्चीत साठत गेली. म्हणून ती मिळाली नाही की माणसं पेटतात.

फाटक उघडलं तरी जोसेफ घराकडं गेला नव्हता. फेब्रुवारीच्या अठ्ठावीस तारखेला चहाच्या टपरीवरच्या टीव्हीसमोर दोघं उभे होते. नैरोबीत राष्ट्राध्यक्षाच्या कचेरीबाहेर, उघड्यावर, एक टेबल मांडलं होतं. भांडणारे दोघं, खुर्चीवरचा राष्ट्राध्यक्ष आणि निकाल न मानणारा त्याचा विरोधक, शेजारीशेजारी बसले आणि त्यांनी सह्या केल्या. त्रेचाळीस वर्षांपूर्वी मोडलेलं पद पुन्हा काढायचं ठरलं होतं, दोघांना एका राज्यात बसता यावं म्हणून. टपरीवर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जोसेफनं हातातला कप खाली ठेवला आणि म्हणाला, आता जाऊन बघतो, घर आहे का. संध्याकाळी परत आला. घर होतं, दार नव्हतं.

तिथून पुढं बलभीमला त्या पदाचा नाद लागला. रोज सकाळी तो जोसेफकडून पेपर वाचून घ्यायचा. पंतप्रधान मोठा की उपराष्ट्राध्यक्ष मोठा, समारंभात आधी कोण बसणार, संसदेत सरकारच्या वतीनं कोण बोलणार, असल्या कुरबुरी सारख्या चालायच्या. बलभीमला त्यात काही नवल वाटत नसे. आमच्याकडं पालखीला पहिला खांदा कुणाचा यावरून दोन पिढ्या बोलत नाहीत. त्याला नवल वाटायचं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ज्या कायद्यानं हे पद काढलं त्याच कायद्यात ते कधी संपणार हेही लिहिलेलं होतं. ही संसद संपली की, किंवा दोघांची साथ तुटली की, किंवा नवी घटना आली की, यातलं जे आधी होईल तेव्हा. २०१० ला नवी घटना आली. तिच्यात पंतप्रधान नव्हता, फक्त पुढच्या निवडणुकीपर्यंत असलेला चालू ठेवायचा होता. मार्च २०१३ ला निवडणूक झाली, एप्रिलमध्ये नवा राष्ट्राध्यक्ष शपथ घेऊन बसला आणि पद संपलं. या वेळी डोकी फुटली नाहीत.

बलभीम त्याच सुमाराला परत निघाला होता. विमानाच्या आदल्या दिवशी नैरोबीत तो मुद्दाम त्या पंतप्रधानाच्या कचेरीवरून चालत गेला. काय दिसलं, असं आम्ही विचारायचो. काही नाही, म्हणायचा. पहारेकरी होते, गाड्या होत्या, माणसं डबे घेऊन कामाला चालली होती. एवढं सांगून तो उठायचा, आणि त्या 'काही नाही'चाच त्याला सगळ्यात जास्त अभिमान वाटायचा.

गावात आल्यावर त्यानं फाट्यावरच्या ढाब्यामागं मोटारी आणि पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं. ट्रकवाले चहाला थांबायचे आणि केनिया ऐकून हैदराबादकडं जायचे.

आता २०२१ सालचं सांगतो. जानेवारीत ग्रामपंचायतीची निवडणूक झाली. नऊ जागा. वरच्या आळीचे चार आले, खालच्या आळीचे चार आले, आणि वस्तीवरून दैवशाला एकटी आली. मतमोजणीच्या दिवशीच मारामारी झाली. वरच्या आळीच्या ईरण्णाचा हात मोडला, खालच्या आळीच्या मच्छिंद्रच्या डोक्याला पाच टाके पडले. मग सोडत निघाली आणि सरपंचपद बाईला गेलं. ईरण्णानं आपल्या निवडून आलेल्या आईचं, गजराबाईचं नाव पुढं केलं. मच्छिंद्रनं आपल्या भावजयीचं. दोघांनाही दैवशालाचं एक मत हवं होतं, म्हणून दोघांच्या मोटारसायकली बलभीमच्या दुकानासमोर यायला लागल्या. दैवशालाकडं कुणी गेलं नाही.

बलभीमनं दोघांना एका दिवशी, एका वेळी बोलावलं. आयुष्यभर ज्या क्षणाची तयारी केली तो आला, असं त्याला वाटलं असावं. त्यानं आधी आपल्या खंडोबाचं उदाहरण दिलं. आमच्या भागात हे लहान मूलही जाणतं. अणदूरला एक देऊळ, नळदुर्गला एक देऊळ, आणि मूर्ती एकच. देव वर्षातले बरेचसे महिने अणदूरला असतो, दोनेक महिने नळदुर्गला, आणि नेताना-आणताना दोन्ही गावचे मानकरी आपसांत लेखी करार करतात. त्यानंतर त्यानं केनियाचं सांगितलं, सगळं, १९६३ पासून. शेवटी म्हणाला, "देव करारावर गाव बदलतो. तिथं त्या देशानं करारावर पंतप्रधान केला आनि करारावर उतरवला. आपली सरपंचकी काय त्याच्याहून मोठी हाय?"

तोडगा असा निघाला. पहिली अडीच वर्षं दैवशाला, कारण ती कुणाच्याच आळीची नाही. पुढची अडीच वर्षं गजराबाई. आणि खालच्या आळीला, म्हणजे मच्छिंद्रला, पाचही वर्षं उपसरपंचपद. कागद करू का, असं कुणीतरी विचारलं. ईरण्णा म्हणाला, कागदाला कोण भितंय, भंडारा उचला. गावच्या खंडोबासमोर तिघं पुरुष उभे राहिले. एकाचा हात गळ्यात बांधलेला, एकाच्या डोक्याला पट्टी. बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा हातात घेऊन प्रत्येकानं शब्द दिला. भंडारा उचलून दिलेला शब्द आमच्याकडं मोडत नाहीत. मोडला तर माणूस लोकांत बसायच्या लायकीचा राहत नाही, तो स्वतःच बसत नाही.

बलभीमनं उचलला तो दैवशालाच्या वतीनं. तेव्हा यात कुणालाच काही वावगं दिसलं नाही. मलाही दिसलं नाही.

त्यानं घरी येऊन सांगितलं की तू सरपंच झालीस. ती भाकरी थापत होती. तिनं एवढंच विचारलं, "कवापास्नं?"

दैवशाला पाचवी शिकलेली. पहिले काही महिने पंचायतीत तिच्या शेजारी बलभीमची खुर्ची असायची. माणसं दोघांसमोर उभी राहून त्याच्याशी बोलायची. चौथ्या महिन्यात तिनं त्याला बाहेरच्या बाकड्यावर बसायला सांगितलं. लोक तुमच्याकडं तोंड करून बोलत्यात, मला ऐकू येत न्हाय, म्हणाली. बलभीम बाहेर बसला, मग घरी बसला, मग दुकानात परतला. ढाब्यावर त्यानं हे कौतुकानंच सांगितलं. ती ग्रामसेवकाकडून प्रत्येक कागद दोनदा वाचून घ्यायची. एकदा समजण्यासाठी आणि एकदा तो मघासारखंच वाचतोय का ते बघण्यासाठी. दोन वर्षांत ती स्वतः वाचायला लागली, बोट ठेवून, पण न अडता.

तिनं हाती घेतलेलं मुख्य काम म्हणजे वस्तीवरची अंगणवाडी. ओढ्याला पाणी आलं की वस्तीची लहान पोरं गावात जाऊ शकत नाहीत. असं तीस वर्षं चाललं होतं. तिनं जागा मिळवली, मंजुरी आणली. २०२३ च्या जूनपर्यंत चार भिंती उभ्या राहिल्या. स्लॅब राहिला. वरच्या आळीचं म्हणणं होतं की अंगणवाडी गावातच दुसरी बांधावी, वस्तीवर पोरं किती ती. भिंती उभ्या राहून छत न पडलेल्या इमारती आमच्या तालुक्यात किती आहेत, हे दैवशालाला सांगायची गरज नव्हती. त्यातल्या एकीत तिच्याच माहेरच्या शेळ्या बांधलेल्या असायच्या.

ऑगस्टमध्ये अडीच वर्षं भरली. ईरण्णा नारळ घेऊन वस्तीवर आला. भांडायला नाही, आठवण करायला. बलभीमनं नारळ घेतला, चहा पाजला आणि म्हणाला की आठ दिवसांत राजीनामा पडेल. ईरण्णा गेल्यावर त्यानं दैवशालाला सांगितलं. ती म्हणाली, मी देत नाही.

आधी त्याला ती चेष्टा वाटली. मग तो समजावायला लागला. स्लॅबचं गजराबाईही करतील, म्हणाला. त्यावर तिनं तांदळाचं सूप पुढं ओढलं. शेवटी त्यानं भंडाऱ्याचं नाव काढलं.

"भंडारा कुणी उचलला व्हता?" तिनं विचारलं.

"म्या."

"मग जे काय सोडायचं ते तुमी सोडा."

"तुझ्या वतीनं उचलला व्हता."

"मला इचारून?"

ती सुपातले तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "तुमच्या त्या देशात टेबल मांडून सह्या केल्या, ते तुमी रोज सांगताव. त्या सह्या कुणी केल्या? त्या दोघांनी का त्यांच्या बायकांनी?"

दहा वर्षं त्यानं ती गोष्ट सांगितली होती. ट्रकवाल्यांना, पाहुण्यांना, शाळेतल्या मास्तरांना. ज्याला खुर्चीवरून उतरायचं असतं त्याच्याच हाताची सही लागते, हे त्या गोष्टीच्या मधोमध, उन्हात मांडलेल्या टेबलावर ठेवलेलं होतं. ते त्याला बायकोनं दाखवलं.

पुढचे दिवस बलभीमला अवघड गेले. कायद्यानं दैवशालाला कुणी हात लावू शकत नव्हतं. अविश्वास ठराव आणायचा तर वरच्या आळीचे चार पुरत नव्हते, आणि मच्छिंद्रला तर गंमतच वाटत होती. त्यानं निरोप पाठवला की वहिनी, बसून राहा, आमचे चार तुमच्याच मागं आहेत. गावात हे पसरलं. बलभीम दिसला की लोक विचारायचे, पंतप्रधान, बंगला कधी खाली करताय. वरच्या आळीची पोरं पंचायतीसमोर घोळक्यानं उभी राहायला लागली. ईरण्णा गप्प होता, आणि त्याचं गप्प राहणं बलभीमला पोरांच्या घोळक्यापेक्षा जास्त खुपत होतं. त्याचा बरा झालेला हात अजून कोपरात नीट वाकत नाही. तो हात बघितला की मतमोजणीचा दिवस आठवतो.

बलभीम दुकान लवकर बंद करायला लागला. खंडोबाच्या पुजाऱ्याला त्यानं विचारलं की यातून सुटका काय. पुजारी म्हणाला, ज्यानं उचलला त्याला बांधला, दुसऱ्याला कसा बांधेल. म्हणजे दैवशाला मोकळी होती आणि तो अडकला होता. रागानं तिच्याशी भांडावं, तर बोलायला जागा नव्हती. तिला गुपचूप विनवावं, तर ती विनवणीसुद्धा तिच्या वतीनं दिलेल्या शब्दासाठीच होती.

अशातच त्यानं जोसेफला फोन लावला. जोसेफ आता पंचाहत्तरीला आलाय. मागच्याच वर्षी त्यानं कळवलं होतं की त्यांच्याकडं नव्या राष्ट्राध्यक्षानं पुन्हा एक पद काढलंय, नावात 'प्रधान' आहे, पण ते पूर्वीचं पद नव्हे. या वेळी बलभीमनं आपलीच हकीकत सांगितली. बायकोला न विचारता शब्द दिला, हेही सांगितलं. जोसेफ बराच वेळ हसला. मग म्हणाला, त्या सहीच्या वेळी मलाही कुणी विचारलं नव्हतं. पण दार माझं गेलं होतं.

हे बोलणं बलभीमनं घरी जसंच्या तसं सांगितलं. आपल्या बाजूचं म्हणून नाही, नुसतं सांगितलं. दैवशाला ऐकून उठली आणि म्हशीला पाणी पाजायला गेली. बाहेरून तिनं विचारलं की ईरण्णाचा हात अजून तसाच आहे का. बलभीम म्हणाला, तसाच आहे.

पंधरा ऑगस्टला झेंडा झाला. झेंडा दैवशालानंच फडकवला. मग शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बसली. ईरण्णा बोलायला उठणार, तेवढ्यात बलभीमच उठला. दोन्ही हात मागं बांधून, दांड्याशिवाय काय करावं हे न कळलेल्या माणसासारखा तो उभा होता. म्हणाला, "भंडारा म्या उचलला. हिच्या वतीनं उचलला, पर हिला इचारलं नव्हतं. ती बांधलेली न्हाय. खोटा म्या पडलो, ती न्हाय."

कुणीतरी मागून म्हणालं, पंतप्रधानांनी राजीनामा दिला. लोक हसले. बलभीम हसला नाही, खाली बसला. लोकांत आपलं नाव राखायला जन्मभर जपून बोललेला माणूस तो. त्या दिवशी त्यानं ते नाव सगळ्यांसमोर स्वतःच्या हातानं खाली ठेवलं. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. त्याच्या कानाची पाळी लाल झाली होती.

दैवशाला टेबलामागून उठली आणि बायकांच्या बाजूला गजराबाई बसल्या होत्या तिथं जाऊन उभी राहिली. गजराबाई साठीच्या, जाडजूड, स्पष्ट बोलणाऱ्या. गाव त्यांना आत्या म्हणतं.

"आत्या, तुमाला तरी इचारलं व्हतं का?"

"मला कोण इचारतंय," गजराबाई म्हणाल्या. "पर म्या सरपंच व्हनार. माहेरी सांगून बसलेय. दोन वर्सं झाली, भाची इचारती, आत्या अजून का न्हाय."

सगळं पटांगण हसलं, ईरण्णासुद्धा. दैवशाला तिथंच खाली बसली. मग दोघींचं बोलणं झालं, समोरासमोर, आणि आम्ही पुरुष गप्प बसून ऐकत होतो. तिनं सांगितलं की मला अंगणवाडीचा स्लॅब टाकायचाय. स्लॅब पडला की एकवीस दिवस त्याला पाणी मारायचं, बाविसाव्या दिवशी राजीनामा. गजराबाईंनी मधेच विचारलं की आणि तू स्लॅबच लांबवलास तर. दैवशालानं थोडा विचार केला आणि म्हणाली, तर दिवाळीचा पाडवा. स्लॅब पडो न पडो. दोन्हीतलं जे आधी येईल ते. गजराबाईंनी आपल्या बाजूच्या बाकीच्या तिघा सदस्यांकडं बघितलंही नाही. चालतंय, म्हणाल्या, आणि वर एक अट घातली की अंगणवाडीचं उद्घाटन माझ्या हातानं. दैवशालाला ते जड गेलं. ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. पण ती हो म्हणाली.

शाळेच्या वहीचं पान फाडून मास्तरांनी तीन ओळी लिहिल्या. दैवशालानं बोट ठेवून वाचल्या आणि सही केली. गजराबाईंनी तीन जाडजूड अक्षरं काढायला बराच वेळ घेतला. मग दोघी खंडोबाकडं गेल्या आणि आपापल्या हातानं भंडारा उचलला. पुजारी आधी घुटमळला. गजराबाई त्याला म्हणाल्या की देव तुझा हाय का गावाचा, सरक तिकडं.

पाऊस लांबला, सिमेंट लांबलं, आणि स्लॅब पडला तो घट बसल्यावर दुसऱ्या दिवशी. मधल्या काळात मच्छिंद्रनं दोनदा येऊन सांगितलं की पाडव्याचं काय एवढं मनावर घ्यायचं. दैवशालानं त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं.

स्लॅबला पाणी मारायचं काम बलभीमनं स्वतःकडं घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी दुकानाला जायच्या आधी आणि दुपारी ऊन कलल्यावर तो शिडीनं वर चढायचा, वस्तीच्या बोअरची नळी ओढून घ्यायचा आणि सगळा स्लॅब भिजवायचा. कडेनं मातीची वरंबी घालून पाणी तुंबवून ठेवायचा. सिमेंट पाणी पितं तेव्हा बारीक आवाज येतो, असं तो म्हणतो. मला तो कधी ऐकू आला नाही. एकवीस दिवसांत एक वेळ चुकली नाही. एकदासुद्धा चुकली असती आणि दिवस पुढं ढकलला असता, तर कुणी काही म्हटलं नसतं. हे त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही.

बाविसाव्या दिवशी दैवशाला सकाळच्या एसटीनं नळदुर्गला आणि तिथून तुळजापूरला पंचायत समितीत गेली. राजीनामा तिनं स्वतः लिहिला होता. बलभीम बरोबर येतो म्हणाला, तिनं नको म्हटलं. तो दुकानात गेला, पण त्या दिवशी त्यानं एकही मोटार उघडली नाही. दुपारपासून मोटारसायकल घेऊन फाट्यावर उभा राहिला.

ती साडेचारच्या गाडीतून उतरली. त्यानं विचारलं, दिला का. दिला, म्हणाली, पोच घेतली. तो गाडीला किक मारायला लागला तर ती म्हणाली की चालत जाऊ, आज काही घाई नाही. मग तो मोटारसायकल ढकलत तिच्या शेजारून चालायला लागला. दोन्ही बाजूंना सोयाबीन निघालेली काळी रानं पडलेली होती, ज्वारी नुकती वर येत होती. गावातल्या दोघा-तिघांनी गाडी बंद पडली का म्हणून विचारलं. तो नाही म्हणाला.

ओढ्याजवळ आल्यावर दैवशाला म्हणाली, "उद्या सकाळी उठून कुठं जायचं, तेच ध्यानात येईना झालंय."

केनियाच्या पंतप्रधानाचं पद संपलं तो दिवस बलभीमनं शेकडो वेळा सांगितला होता, कचेरीसमोरच्या गाड्यांपासून डबे घेतलेल्या माणसांपर्यंत. पद गेलेल्या त्या पंतप्रधानाची दुसऱ्या दिवशीची सकाळ कशी गेली असेल, हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. तो थांबला.

मग दोघांनी मिळून गाडी ओढ्यातल्या दगडांवरून पलीकडं नेली. तो पुढून हँडल धरून होता, ती मागून लोटत होती.